पट्ट्यावरची नजर

चालत्या यंत्राच्या पट्ट्याला हात कोणी लावायचा, हे भारतात कायद्याने ठरवून दिलं. १९४८च्या कारखाने अधिनियमातलं २२वं कलम दुरुस्त्यांसह वाचलं, तर त्यात एका माणसाचं शब्दचित्रच सापडतं. तो प्रौढ पुरुष हवा, या कामात खास तयार केलेला हवा, अंगात घट्ट बसणारे कपडे हवेत आणि तेही कारखानदाराने पुरवलेले, त्याचं नाव नोंदवहीत चढलेलं हवं. एवढं सगळं जमलं तरी पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर फिरत्या पुलीवर त्याने तो हाताळायचा नाही. पट्ट्याचा सांधा वर आलेला नको, पुलीची कड फुटलेली नको, पाय रोवायला पक्की जागा हवी. कायद्याची भाषा एरवी कोरडी. पण घट्ट कपड्यांची अट कुणाच्या तरी धोतराच्या सोग्यावरून आली असणार, हे कळायला वकील लागत नाही.

आज मोटारीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका अंगाला जो काळा रबरी पट्टा दिसतो, तो याच गिरणीतल्या पट्ट्याच्या कुळातला. काम तेच: एका जागी फिरणारी ताकद दुसऱ्या जागी पोचवायची. बदललं ते दुसरंच काही. गिरणीतल्या पट्ट्याकडे दिवसभर कुणीतरी बघत असे, त्याला हात लावत असे, त्याचा आवाज ऐकत असे. पुढच्या दोनशे वर्षांत पट्टा सुधारत गेला आणि प्रत्येक सुधारणेबरोबर माणसाच्या नजरेपासून एकेक पाऊल लांब सरकला.

सुरुवात करायची तर अमेरिकेतल्या लॉवेलपासून करावी. मॅसॅच्युसेट्समधल्या या गिरणगावात पॉल मूडी या कारागिराने १८२८ साली ॲपलटन गिरणीत पाणचक्कीची ताकद कातडी पट्ट्यांनी वरच्या मजल्यांवर नेली. तोवर हे काम लोखंडी दातेरी चाकं आणि जड शाफ्ट करत. त्यांचा खडखडाट मोठा, आणि एक दात तुटला की सगळा मजला बंद. पट्टा हलका, कमी आवाजाचा, आणि यंत्र अडकलं तर तुटण्याऐवजी नुसता घसरणारा. अमेरिकन गिरण्यांनी पट्टे उचलले. इंग्रज गिरणीमालक बराच काळ दातेरी चाकांना चिकटून राहिले आणि नंतर सुती दोरखंडांकडे वळले.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांची यंत्रं बहुतेक लँकेशायरची, त्यामुळे मांडणीही तिकडचीच. खाली वाफेचं इंजिन आणि त्याचं अवाढव्य चाक, चाकाच्या खाचांतून मजल्यामजल्यावर गेलेले दोर, प्रत्येक मजल्यावर छताखालून आडवा फिरणारा लाइन शाफ्ट आणि शाफ्टवरून एकेका मागावर उतरलेला चपटा कातडी पट्टा. मागाला दोन पुली असत. एक मागाशी घट्ट जोडलेली, तिच्या शेजारची मोकळी. माग थांबवायचा म्हणजे इंजिन थांबवायचं नाही, पट्टा मोकळ्या पुलीवर ढकलायचा. पट्टा फिरतच राही, माग उभा राही.

कातडं हा तसा जिवंत माल. ते ताणतं, हवेतला ओलावा पितं, कोरडं पडलं की तडकतं. मुंबईच्या पावसाळ्यात त्याचे काय नखरे असतील ते सांगायला नको. सैल पडलेला पट्टा उतरवायचा, तुकडा कापायचा, टोकांना भोकं पाडून कातडी वादीने पुन्हा शिवायचा. घसरायला लागला तर आतून राळ लावायची. पुलीचा मध्य कडांपेक्षा किंचित फुगीर ठेवलेला असे, कारण चपटा पट्टा आपण होऊन पुलीच्या सगळ्यात उंच भागाकडे चढतो आणि तिथेच राहतो. पट्टा कडेला पळतोय म्हणजे शाफ्ट तिरका झालाय, हे निदान नुसत्या नजरेने होई. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईला आली आणि गिरण्यांतली वाफेची इंजिनं मागे पडू लागली, तरी पट्टे लगेच गेले नाहीत. आधी विजेची मोटर आली ती तोच जुना लाइन शाफ्ट फिरवायला.

गिरण्यांत नाही तरी गावोगावच्या पिठाच्या गिरणीत हा पट्टा पुढे कित्येक वर्षं दिसत राहिला. ऑइल इंजिन एका खोलीत, जातं दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या भिंतीच्या झरोक्यातून फडफडत येणारा लांबलचक पट्टा. दळण घेऊन आलेल्या पोरांना गिरणीवाला त्याच्यापासून चार हात लांब उभं करी. कायद्याचं कलम त्याने वाचलेलं असो वा नसो.

मोटारगाडीचा जन्मही पट्ट्यावरच झाला. कार्ल बेन्झने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत इंजिनाची ताकद मधल्या शाफ्टपर्यंत न्यायला कातडी पट्टा होता. तिथून पुढे चाकांपर्यंत साखळ्या. क्लच वेगळा नव्हताच. एक दांडा ढकलला की पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरके आणि गाडी हले. म्हणजे मागाचीच युक्ती, रस्त्यावर आणलेली. गिअर आले तसा चाकं ओढण्याच्या कामातून पट्टा बाजूला पडला आणि इंजिनाभोवतीच्या किरकोळ कामांवर आला. रेडिएटरमागचा पंखा फिरवायचा, पुढे पाण्याचा पंप फिरवायचा, मग डायनॅमो. फोर्डच्या मॉडेल टीचा पंखा चपट्या पट्ट्यावरच चालत असे.

ही किरकोळ कामं इंजिनाचा जीव धरून ठेवणारी होती आणि चपटा पट्टा त्यांना पुरा पडेना. पुली लहान, जागा अपुरी, त्यात तेल आणि चिखल. उत्तर आलं डेन्व्हरहून. चार्ल्स गेट्सने १९११ साली तिथली एक छोटी कंपनी विकत घेतली होती. मोटारीच्या टायरवर बांधायच्या, लोखंडी खिळे मारलेल्या कातडी पट्ट्या हा तिचा माल. १९१७ साली त्याचा भाऊ जॉन याने रबर आणि कापड यांचा, पाचरीसारख्या कापाचा पट्टा बनवला. हाच व्ही बेल्ट.

त्याची खुबी एका वाक्यात सांगता येते: हा पट्टा तळावर टेकत नाही, दोन्ही कुशींवर बसतो. ओढ वाढली की तो खाचेत अधिक रुतून बसतो आणि पकड आपोआप वाढते. म्हणूनच जुना मेकॅनिक नुसता पट्टा बघून थांबत नसे, पुलीच्या खाचेतही डोकावे. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा झिजून खाली टेकला आहे, आणि टेकलेला पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच. उगाच ताणत बसलं तर डायनॅमोची बेरिंग जाते.

या पट्ट्याने एक गोष्ट मात्र हिरावून घेतली. तो अखंड असतो, सांधा नाहीच. त्यामुळे कापून आखूड करणं संपलं. सैल झाला तर पट्ट्याला काही करता येत नाही, डायनॅमोच सरकवावा लागतो. म्हणून डायनॅमोच्या आधाराला लांबट खाच आली. बोल्ट ढिला करायचा, टॉमी लावून डायनॅमो बाहेर रेटून धरायचा आणि बोल्ट आवळायचा. गिरणीतला पट्टेवाला पट्टा दुरुस्त करी. मोटारवाल्याच्या हाती उरलं ते ताण बघणं आणि वेळ आली की बदलणं.

फोक्सवॅगनच्या बीटलने यातही आपलं वेगळं काढलं. तिच्यात डायनॅमो सरकत नसे, त्याची पुलीच दोन तबकड्यांची असे आणि मधे पातळ चकत्या. पट्टा सैल झाला की मधली एक चकती काढायची. तबकड्या जवळ येत, खाच अरुंद होई, पट्टा वर चढून ताठ होई. काढलेली चकती फेकायची नाही, त्याच बोल्टवर बाहेरच्या बाजूने अडकवून ठेवायची, कारण नवा पट्टा घालताना ती पुन्हा आत लागते. जुनी बीटल विकत घेणारा जाणकार बाहेर किती चकत्या आहेत ते मोजून पट्ट्याचं वय ओळखी. या गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं आणि हवेचा पंखा डायनॅमोच्याच शाफ्टवर. त्यामुळे पट्टा तुटला की गाडी तिथेच थांबवण्यावाचून गत्यंतर नसे.

आपल्याकडे १९८०च्या दशकापर्यंत रस्त्यावर राज्य होतं ॲम्बॅसॅडर आणि फियाटचं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जगली. या गाड्यांत ‘फॅन बेल्ट’ हा एकच पट्टा, पंखा, पाणी आणि डायनॅमो या तिघांना पुरणारा. बॉनेट उघडलं की समोरच. सकाळी पाणी आणि तेल बघताना मधल्या मोकळ्या भागावर अंगठा दाबायचा. अर्ध्या इंचाच्या आसपास लवला की ठीक. आतली बाजू उलटून भेगा पाहायच्या, कुशी चकाकताहेत का ते पाहायचं. चकाकी म्हणजे घसरणं. हे सगळं होईपर्यंत चहा निवतही नसे.

आणि तरीही तो तुटायचाच, शक्यतो बोरघाटात. आधी डॅशबोर्डवर तांबडा दिवा, मग तापमानाचा चढता काटा, मग बॉनेटमधून वाफ. म्हणून स्टेपनीशेजारी जादा बेल्ट आणि दोन पाने ठेवणारे ड्रायव्हर शहाणे समजले जात. युरोपात अशा वेळी बायकांचा नायलॉनचा मोजा पुलींवरून घट्ट बांधण्याचा तोडगा प्रसिद्ध होता. पुढच्या गॅरेजपर्यंत टिकला तरी पुष्कळ. (मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली ती ताडदेवच्याच आरटीओत. दावरांच्या गिरणीशी तिचा संबंध लावणं हा निव्वळ योगायोगाचा खेळ, पण मुंबईत असे योगायोग पावलोपावली भेटतात.)

चाकं ओढणारा पट्टाही पुरता मेला नव्हता. डच कंपनी डाफने १९५८ साली आणलेल्या छोट्या गाडीत गिअरबॉक्सऐवजी रबरी पट्टे आणि रुंदी बदलणाऱ्या पुली होत्या. ही गाडी पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाई, आणि याचा फायदा घेऊन नेदरलंड्समध्ये उलट्या शर्यती भरवल्या गेल्या! पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा याच तत्त्वावर चाले. क्लच आणि गिअरच्या कटकटीतून सुटलेल्या असंख्य पुणेकर स्त्रियांच्या पायाखाली एक पट्टाच फिरत होता, तोही झाकणाआड.

झाकणाआड गेलेला दुसरा पट्टा जास्त महत्त्वाचा आणि जास्त धोक्याचा. १९४०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केसने दातेरी रबरी पट्टा घडवला तो सिंगरच्या शिवणयंत्रासाठी. सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ न घसरता राखायचा होता. इंजिनालाही असाच मेळ हवा असतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी झाली पाहिजे, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. हे काम तोवर साखळी नाहीतर गिअर करत. शर्यतींच्या गाड्या बनवणाऱ्या बिल डेव्हिनने १९५०च्या दशकात आपल्या गाडीत दातेरी पट्टा वापरून पाहिला. पण मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली गाडी निघाली बव्हेरियातल्या डिंगोलफिंगची, शेतीची अवजारं बनवत मोटारीकडे वळलेल्या ग्लास कंपनीची १००४, साल १९६२. पुढे ही कंपनी बीएमडब्ल्यूने गिळली. १९६६ साली पाँटियाकने अमेरिकेत आणि फेरारीतून आलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदीच्या इंजिनातून फियाटने इटलीत तोच रस्ता धरला.

भारतात हा पट्टा घरोघरी नेला तो मारुती ८००ने. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या त्या ७९६ सीसीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट होता. गाडी हलकी, इंजिन शांत, तेलपाणी बघण्याचा व्याप कमी. पण हा पट्टा प्लॅस्टिकच्या कव्हरमागे बसलेला, अंगठा दाबायची सोय नाही, तुटण्याआधी किंचाळणंही नाही. पुढे पुण्यात बनलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही टायमिंग बेल्ट आला. फॅन बेल्ट तुटला तर गाडी थांबे, हा तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवण्याची वेळ येते. त्यामुळे इथे तपासणीची जागा हिशेबाने घेतली. किती किलोमीटर झाले, किती वर्षं झाली, एवढंच बघायचं आणि पट्टा धडधाकट दिसला तरी बदलायचा. धडधाकट वस्तू पैसे देऊन फेकायला सांगणारा फिटर अनेक मालकांना लबाड वाटला. त्यातले काही पुढे टो होऊन त्याच्याच दारात आले.

बदलण्याच्या कामात मात्र हात आणि डोळा अजून जुन्या जागी आहेत. दोन्ही पुलींवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवायच्या. खूण पुसट असेल तर फिटर तिच्यावर व्हाइटनरचा ठिपका देतो. पट्टा ताणाच्या बाजूने घालत यायचा, ढिलाई टेन्शनरच्या बाजूला ठेवायची. मग स्टार्टर मारायचा नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहायचं. एक दात चुकला असेल तर तो इथेच कळतो. कुठे अडलं तर जोर करायचा नाही. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर तोही त्याच वेळी बदलतात, कारण खोलाखोलीची मजुरी पंपाच्या किमतीपेक्षा जड जाते.

बाहेरचा पट्टाही तसा राहिला नाही. पॉवर स्टिअरिंग आणि एसी आल्यावर इंजिनापुढे दोन-तीन व्ही बेल्टची गर्दी झाली. सगळ्यांत आतला तुटला तर बाहेरचे दोन धडधाकट काढायचे. १९७९च्या फोर्ड मस्टँगने सगळ्या पुली एकाच रुंद पट्ट्याने गुंफून टाकल्या. आतून उभ्या बारीक धारा, बाहेरून सपाट, दोन्ही अंगांनी काम करणारा, आणि पुढे ताण राखायला स्प्रिंगचा टेन्शनर. त्यामुळे अंगठ्याची परीक्षा निकालात निघाली, कारण अंगठा आता पट्ट्याचा नाही तर स्प्रिंगचा ताण सांगतो. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात जुना पट्टा घेऊन गेलं की दुकानदार त्याच्या पाठीवरचा आकडा वाचतो. ६पीके१२३० म्हणजे सहा धारा आणि १२३० मिलिमीटर लांबी. आकडा झिजून गेला असेल तर गाडीचं मॉडेल आणि साल सांगावं लागतं. कदाचित तो पट्टा महाराष्ट्रातच जन्मलेला असतो. नागपूरजवळ हिंगणा आणि नागलवाडीला पिक्स ट्रान्समिशन्सचे पट्ट्यांचे कारखाने आहेत.

मग रबर बदललं आणि डोळ्यांची परीक्षाही फसवी झाली. जुने पट्टे निओप्रीनचे. ते म्हातारे झाले की चेहऱ्यावर दिसे: एका इंचात तीन-चार आडव्या भेगा, काढून टाका. शतक उलटताना ईपीडीएम नावाचं रबर रुळलं. ते उष्णतेला बधत नाही आणि सहसा तडकत नाही. टायरसारखं हळूहळू झिजतं. धारांमधले गाळे रुंद आणि खोल होत जातात, पट्टा खाली बसतो, घसरतो, आणि वरून मात्र नव्यासारखा काळाभोर. एकही भेग नाही म्हणून ‘बेल्ट ओके’ असं कार्डावर लिहिणारे अजून भेटतात. खरी तपासणी प्लॅस्टिकच्या छोट्या मापपट्टीने होते. तिच्या दांड्या धारांमधल्या गाळ्यांत बसवायच्या. त्या वर उरल्या तर पट्टा ठीक, धारांच्या आत बुडाल्या तर पट्टा संपला.

कान अजून उपयोगी पडतात. गाडी सुरू करताना लांब किंचाळी आली तर ताण कमी. एका लयीत चिवचिव होत असेल तर कुठली तरी पुली वाकडी. चालत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, हात लांब ठेवून, पाण्याचा फवारा मारला की उलगडा होतो. आवाज वाढला तर ताणाचा दोष, क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाही. काही जण फवाऱ्याच्या डब्यातलं चिकट औषध मारून आवाज बंद करतात. गिरणीतल्या राळेचा तो वारस. कातड्यावर राळ चालून जाई, धारांच्या पट्ट्यावर ते औषध धूळ धरून पट्टाच खातं.

लपण्याची हद्द झाली ती टायमिंग बेल्ट थेट इंजिनाच्या तेलात बुडवल्यावर. घर्षण कमी, आवाज कमी, म्हणून फोर्डने एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनात २०१२च्या सुमारास हे केलं. भारतात ते इकोस्पोर्टमधून आलं. प्युजो-सिट्रोएनच्या प्युअरटेक इंजिनातही तसाच पट्टा होता. तेलात पेट्रोल मिसळलं की रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि तेलपंपाची जाळी चोंदते. मग युरोपभर गाड्या परत बोलावणं, तक्रारी, २०२४ साली वाढवून दिलेली दहा वर्षांची हमी, आणि नव्या इंजिनांत पुन्हा साखळी. या पट्ट्याच्या तपासणीसाठी प्युजो-सिट्रोएनने एक खास माप काढलं. तेल ओतायच्या भोकातून ते आत घालून पट्ट्याची रुंदी मोजायची. फुगून मापात बसेनासा झाला तर बदला. कारखान्याच्या कायद्याला चालत्या पट्ट्यापासून माणूस दूर ठेवण्याची चिंता होती. इथे थांबलेल्या पट्ट्यापर्यंत माणूस पोचवण्यासाठी अवजार शोधावं लागलं.

टोयोटाने २००९च्या प्रियसमध्ये पाण्याचा पंपही विजेवर नेला आणि इंजिनाबाहेरचा पट्टा साफ काढून टाकला. पुरत्या विजेच्या गाडीत तर इंजिनच नाही. पण मधल्या जातीच्या गाड्यांत पट्ट्याला उलट बढती मिळाली. मारुतीने २०१५ साली सियाझमध्ये आणलेल्या प्रणालीत जनरेटर मोटरचंही काम करतो. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन तोच पट्ट्याने ओढून पुन्हा सुरू करतो आणि गाडी वेग घेताना मदतीचा हात देतो. ओढ दोन्ही दिशांनी येते म्हणून पट्टा अधिक दणकट आणि टेन्शनर वेगळ्या घडणीचा. लांबी आणि धारा जुळल्या म्हणून साधा स्वस्त पट्टा चढवला तर तो इंजिन फिरवताना घसरतो, आणि मालक बॅटरी बदलून येतो.